सेल्सच्या मुलाखतीत काय विचारावं, काय करून घ्यावं

सेल्सची मुलाखत घेणारा फसतो, कारण समोरच्याचा धंदाच पटवून देण्याचा असतो. चांगला वेल्डर मुलाखतीत अडखळेल, पण हातात मशीन दिलं की त्याचं कसब दिसतं. सेल्सचा उमेदवार सहसा अडखळत नाही. हसतमुख, हजरजबाबी माणूस अर्ध्या तासात मनात भरतो आणि सहा महिन्यांनी लक्षात येतं की भेटी भरपूर होतात, ऑर्डर मात्र येत नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉल सेंटरमधल्या ३४० विक्रेत्यांची तीन महिन्यांची विक्री तपासली होती. सर्वांत जास्त विक्री अतिबोलक्यांची निघाली नाही, अबोल लोकांचीही नाही. ती निघाली मधल्या स्वभावाच्या माणसांची. तेव्हा बोलण्याची छाप बाजूला ठेवून आकडे तपासायचे आणि जमेल तेवढं काम मुलाखतीतच करून घ्यायचं.

जाहिरातीच्या आधी

एका पानावर स्वतःची विक्री लिहून काढा. ग्राहक कोण, खरेदीचा निर्णय कोण घेतं, पहिल्या भेटीपासून पैसे जमा होईपर्यंत किती दिवस जातात, सरासरी ऑर्डर केवढी, लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकांची नावं, कंपनी देणार की विक्रेत्यानं शोधायच्या. हे पान नसेल तर मुलाखतीत नेमकं काय शोधायचं तेच ठरत नाही.

एका कॉलमध्ये संपणारी विक्री आणि आठ महिने चालणारी विक्री ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या प्रकारात दिवसाला पन्नास नकार ऐकून एक्कावन्नावा नंबर तितक्याच उत्साहानं फिरवावा लागतो. दुसऱ्यात वस्तू वापरणारा, तांत्रिक खोट काढणारा, खरेदी विभागातला आणि पैसे मंजूर करणारा अशा चौघांना एकाच वेळी सांभाळायचं असतं. तिथे नोंदी ठेवण्याची शिस्त आणि धीर लागतो. नवे ग्राहक आणणारा आणि जुने टिकवणारा हा फरकही तसाच. जाहिरातीत दोन्ही गुण एकदम मागितले की अर्ज ढीगभर येतात आणि कामाचा एखादाच निघतो.

त्या पानावरून उमेदवारात हवेत असे चार-पाच गुण निवडा. प्रत्येकासाठी १ ते ५ मार्क द्यायचे, आणि १ म्हणजे काय, ३ म्हणजे काय, ५ म्हणजे काय ते शब्दांत लिहून ठेवायचं. उदाहरणार्थ फॉलो-अप: १ म्हणजे ‘आठवेल तसा फोन करतो’; ३ म्हणजे वही किंवा सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचं सॉफ्टवेअर) आहे, पण पुढच्या तारखा टाकलेल्या नाहीत; ५ म्हणजे प्रत्येक चालू लीडपुढे पुढचं पाऊल आणि तारीख. हे आधी लिहिलेलं नसेल तर मुलाखतीनंतर आवडलेल्या उमेदवाराला सगळीकडे चार-पाच गुण पडतात.

आकड्यांची उलटतपासणी

बायोडेटावर ‘टार्गेटच्या १२० टक्के’ असं लिहिलेलं असतं. ते खोटंच असतं असं मुळीच नाही, पण नुसत्या टक्क्यांवरून काहीच कळत नाही. पुढचे प्रश्न ओळीनं विचारा:

– टार्गेट किती होतं आणि ते कोण ठरवत असे?
– टीममध्ये किती जण होते आणि त्यातल्या किती जणांनी टार्गेट गाठलं?
– लीड कुठून येत? स्वतः शोधलेल्या किती?
– किती भेटींमागे एक कोटेशन, किती कोटेशनमागे एक ऑर्डर?
– सरासरी किती सूट द्यावी लागे? वसुली कोण करत असे?

मग तिथल्या तिथे हिशोब मांडा. समजा, तिमाहीत ३० ऑर्डर आणल्या आणि दहा भेटींमागे एक ऑर्डर मिळाली असं उमेदवार सांगतो. म्हणजे ३०० भेटी झाल्या. तिमाहीत कामाचे दिवस साधारण ६५, म्हणजे रोज साडेचार ते पाच भेटी. एकाच भागात फिरणाऱ्याला हे जमतं. पण ‘निम्मे दिवस प्रवासात जायचे’ असंही तोच सांगत असेल तर गणित बसत नाही. ज्यानं खरंच काम केलंय तो लगेच दुरुस्ती करतो: ‘त्यातल्या बारा ऑर्डर जुन्या ग्राहकांच्या होत्या, त्यांना भेटावं लागलं नाही.’ हे उत्तर उत्तम. ज्याच्याकडे हिशोबच नाही तो पुन्हा आपल्या मेहनतीबद्दल बोलू लागतो.

टीममधल्या दहापैकी नऊ जणांनी टार्गेट गाठलं असेल तर १२० टक्क्यांचं विशेष कौतुक नको. टार्गेट सोपं होतं किंवा बाजार तेजीत होता. दहापैकी दोघांनीच गाठलं असेल तर ९० टक्केवाला माणूसही नीट बघण्यासारखा. कंपनीचं नाव मोठं असेल तर अर्धी विक्री त्या नावानं झालेली असते; अशा माणसाला अनोळखी कंपनीचं कार्ड घेऊन दारात उभं राहणं जड जातं. म्हणून ‘कंपनीचं नाव ग्राहकानं ऐकलेलंच नव्हतं असा प्रसंग सांगा’ हे जरूर विचारा.

हातातून गेलेली ऑर्डर

एकच प्रश्न विचारायला वेळ असेल तर हा विचारावा: ‘मिळणार असं वाटत असताना गेलेली एखादी मोठी ऑर्डर सांगा.’ मग खोलात शिरा. शेवटी निर्णय कोणी घेतला? ते तुम्हाला कधी कळलं? पुढच्या वेळी नेमकं काय बदललं? ‘आपली किंमत जास्त होती’ एवढ्यावर थांबणाऱ्याला बहुतेक वेळा खरं कारण कळलेलंच नसतं. ‘मी खरेदी अधिकाऱ्यालाच भेटत राहिलो, पैसे मंजूर करणाऱ्याला एकदाही भेटलो नाही’ असं सांगणारा माणूस शिकतो. ‘आम्ही’, ‘आम्हाला’ असं सतत येत असेल तर शांतपणे विचारा, ‘यातलं तुम्ही स्वतः काय केलंत?’

विक्री करून दाखवायला लावा

‘मला हे पेन विकून दाखवा’ यातून हजरजबाबीपणा तेवढा कळतो. त्याऐवजी आदल्या दिवशी आपल्या वस्तूची दोन पानी माहिती आणि ग्राहकाचं चार ओळींचं वर्णन पाठवा. मुलाखतीत ग्राहकाची भूमिका टीममधल्या अशा माणसाला द्या जो खऱ्या ग्राहकांचे आक्षेप रोज ऐकतो, आणि ते आक्षेप सगळ्या उमेदवारांसाठी तेच ठेवा. वेळ दहा मिनिटं.

वस्तूबद्दल बोलायला लागण्याआधी त्यानं किती प्रश्न विचारले ते मोजा. उत्तरं ऐकून पुढचा प्रश्न बदलला का, की पाठ केलेली यादी वाचली? ‘महाग आहे’ म्हटल्यावर लगेच सूट देऊ केली असेल तर तो तुमचा नफा असाच वाटून टाकेल. ‘कशाच्या तुलनेत महाग वाटतंय?’ असं विचारणारा चांगला. माहीत नसलेल्या गोष्टीवर थाप मारली का? उठताना पुढची तारीख आणि पुढचं काम ठरवलं का, की ‘मग कळवा’ म्हणून निघाला?

इथे थांबू नका. पाच मिनिटं त्याला स्पष्ट सांगा: एक गोष्ट चांगली जमली, एक बदलायला हवी. मग तोच प्रसंग पुन्हा पाच मिनिटं करायला लावा. दुसऱ्या फेरीत बदल दिसला तर हा माणूस शिकवलेलं घेतो. स्वतःची बाजू मांडत बसला, किंवा मान डोलावून पुन्हा तसंच केलं, तर नोकरीतही तेच होणार. पहिली फेरी सामान्य आणि दुसरी स्पष्टपणे बरी, असा उमेदवार पहिल्याच फेरीत चमकून दुसऱ्यात न हलणाऱ्यापेक्षा बहुधा जास्त उपयोगी पडतो. नवख्यांच्या बाबतीत तर हाच निकष सर्वांत वर ठेवावा.

गुण देणं

सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. ठरीव प्रश्नांची मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा पुढच्या कामाचा चांगला अंदाज देते, हे निवडपद्धतींवरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकानं उमेदवार बाहेर पडताच, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, आपले गुण लिहावेत. साहेबांनी आधी ‘मस्त आहे’ म्हटलं की बाकीच्यांचे गुण तिकडेच झुकतात. दोघांच्या गुणांत दोनचा फरक असेल तर सरासरी काढू नका. कोणी काय ऐकलं ते समोरासमोर बोला.

चौकशी आणि पगाराचं बोलणं

आधीच्या नोकऱ्यांची चौकशी उमेदवाराच्या परवानगीनंच, आणि सध्याच्या कंपनीत ऑफर स्वीकारण्याआधी मुळीच नको. जुन्या साहेबांशी बोला, आणि हिशोब किंवा डिलिव्हरी सांभाळणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याशीही. ऑर्डर मागाहून रद्द होत होत्या का, कंपनीला न झेपणारी वचनं ग्राहकाला दिली जात होती का, हे त्याच लोकांना माहीत असतं. साहेबांना शेवटी विचारा, ‘पुन्हा घ्याल का?’ उत्तराआधीची चुळबूळही ऐका.

‘जुन्या कंपनीची ग्राहकांची यादी घेऊन येतो’ असं कोणी म्हणालं तर तिथेच नाही म्हणा. त्यात कायद्याची अडचण येऊ शकते, आणि उद्या तुमचीही यादी अशीच बाहेर जाईल.

पगाराबाबत आडपडदा नको. फिक्स किती, कमिशन किती, आणि कमिशन ऑर्डर आल्यावर मिळणार की पैसे वसूल झाल्यावर, ते लिहून द्या. सर्वांत वरच्या विक्रेत्याची कमाई दाखवून माणूस आणला तर तो तिसऱ्या महिन्यात जातो. टीममधल्या मधल्या माणसाची कमाई सांगा. विक्रीला चार महिने लागत असतील तर पहिल्या तिमाहीचं टार्गेट ऑर्डरींचं ठेवू नका, भेटींचं आणि कोटेशनचं ठेवा.

ऑफरआधी अर्धा दिवस त्याला तुमच्या एखाद्या विक्रेत्याबरोबर पाठवा आणि परतल्यावर दोघांनाही वेगवेगळं विचारा. फोनपासून ऑफरपर्यंत सगळं दोन आठवड्यांत उरका; चांगला विक्रेता तुमच्या तिसऱ्या फेरीची वाट पाहत बसत नाही.