४ जानेवारीचा टोकियो डोम : कुस्तीचा मोठा शो प्रत्यक्ष कसा पाहावा

न्यू जपान प्रो-रेसलिंग ही कंपनी १९९२ पासून दरवर्षी ४ जानेवारीला टोकियो डोममध्ये आपला वर्षातला सर्वांत मोठा शो भरवते आणि २००७ पासून हा शो ‘रेसल किंगडम’ या नावाने ओळखला जातो. वार कोणताही आला तरी तारीख बदलत नाही, त्यामुळे परदेशातून जाणाऱ्या चाहत्याला रजेचा अर्ज सहा महिने आधीच टाकता येतो. शाळेच्या मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळताना उंची, वजन आणि दंडाचे माप यांवर डाव जिंकलेल्या आणि पुढे मोठेपणीही ही आवड न सोडलेल्या वाचकासाठी हे लिहीत आहे. ‘हे सगळे आधीच ठरलेले असते’ हे त्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. २०२४ सालचा शो मी डोममध्ये बसून पाहिला. त्या वेळी झालेल्या चुका आणि जमलेल्या गोष्टी यांवर पुढील सूचना बेतलेल्या आहेत.

तिकिटाची विक्री साधारणपणे शरद ऋतूत सुरू होते आणि कोणाची कोणाशी कुस्ती आहे हे तेव्हा पूर्ण जाहीर झालेले नसते. यादी पाहून मग ठरवू, असे म्हणणारा माणूस चांगली जागा हमखास गमावतो, म्हणून तिकीट आधी घ्यावे. जपानी तिकीटविक्रीची अनेक संकेतस्थळे नोंदणीसाठी जपानी मोबाइल क्रमांक मागतात. परदेशी ग्राहकांसाठी बहुधा वेगळे इंग्रजी पान असते आणि कंपनीच्या इंग्रजी संकेतस्थळावरून तिथे जाता येते. व्हिसासाठी प्रवासाचा दिवसवार आराखडा, बँकेचा तपशील आणि निवासाचे आरक्षण लागते. डिसेंबरच्या अखेरीपासून ३ जानेवारीपर्यंत जपानी सरकारी कार्यालये नववर्षासाठी बंद असतात, त्यामुळे हे काम नोव्हेंबरातच उरकावे. याच दिवसांत टोकियोतली अनेक संग्रहालये आणि लहान उपाहारगृहेही बंद असतात, म्हणून शोच्या आधी शहर पाहण्याचा बेत आखण्यापेक्षा तो नंतरच्या दिवसांवर ढकललेला बरा.

आता जागेविषयी. अनेकांना वाटते की महागातली, जमिनीवरची, रिंगजवळची खुर्ची म्हणजे उत्तम. पहिल्या काही रांगांपुरते ते खरे आहे. टोकियो डोम हे मुळात योमिउरी जायंट्स या संघाचे बेसबॉलचे मैदान आहे. कुस्तीच्या दिवशी त्या सपाट मैदानावर खुर्च्या मांडतात आणि सपाट जमिनीवर विसाव्या रांगेत बसलेल्या माणसाला समोरच्यांची डोकीच अधिक दिसतात. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात मध्यभागी हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी रचना असल्यामुळे शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा पट काढलेला पाहू शकतो. डोममधला पहिल्या मजल्याचा स्टँड त्या अनुभवाच्या जवळ जातो. रिंग तिथून लांब आणि लहान दिसते हे मान्य आहे, पण व्यासपीठापासून रिंगपर्यंतचा लांबलचक मार्ग तिथून अखंड दिसतो. या शोमध्ये त्या मार्गावर जे घडते ते रिंगमधल्या घटनांइतकेच महत्त्वाचे असते. २०१५ साली हिरोशी तानाहाशीकडून हरलेला काझुचिका ओकादा याच मार्गावरून रडत परत गेला होता. पुढच्या वर्षी त्याच दिवशी त्याने तानाहाशीला हरवले आणि २०२६ मध्ये तानाहाशीने निवृत्तीची शेवटची कुस्तीही इथेच ओकादाशी केली. अशा प्रसंगी माणूस किती लांब चालत गेला हे दिसायला हवे, म्हणून माझे मत स्पष्ट आहे : स्टँडमधली, मार्गाच्या बाजूची जागा घ्यावी आणि उरलेल्या पैशांत एक दिवस जास्त राहावे.

पूर्वतयारीचा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि बहुतेक जण तोच टाळतात. कंपनीची ‘न्यू जपान प्रो-रेसलिंग वर्ल्ड’ ही सशुल्क प्रक्षेपणसेवा डिसेंबर २०१४ पासून चालू आहे आणि तिच्यावर मोठे शो इंग्रजी समालोचनासह पाहता येतात. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्यामुळे तिथला संध्याकाळी ५ वाजताचा शो आपल्याकडे दुपारी दीडला, जेवण आटोपल्यावर पाहता येतो. अमेरिकी शोसाठी पहाटेचा गजर लावणाऱ्यांना ही मोठीच सोय आहे. वर्षभराचे सगळे शो पाहण्याची जरुरी नाही. जपानी उन्हाळ्यात, म्हणजे साधारण जुलै-ऑगस्टमध्ये होणारी ‘जी-वन क्लायमॅक्स’ ही साखळी स्पर्धा पाहावी, कारण २०१२ पासून बहुतेक वर्षे तिचा विजेता ४ जानेवारीला मुख्य किताबासाठी लढलेला आहे. त्यानंतर दोनच वैरे निवडून ती मुळापासून समजून घ्यावीत.

मुळापासून म्हणजे किती मागून, हे तेत्सुया नाइतोच्या उदाहरणावरून कळेल. २०१३ ची जी-वन स्पर्धा जिंकून तो मुख्य किताबासाठी पात्र ठरला, पण शेवटची कुस्ती कोणती असावी यावर कंपनीने चाहत्यांचे मत मागवले आणि चाहत्यांनी नाइतोची कुस्ती खाली ढकलून शिनसुके नाकामुरा आणि तानाहाशी यांची कुस्ती वर नेली. २०१४ चा तो अपमान मनात ठेवून नाइतो मेक्सिकोला गेला आणि तिथल्या एका गटाचे नाव व बेफिकिरी घेऊन परत आला. ज्यांनी त्याला नाकारले होते, तेच प्रेक्षक आता त्याच्या मागे लागले. २०१८ मध्ये तो शेवटच्या कुस्तीत पोहोचला आणि ओकादाकडून हरला. २०२० साली शो ४ आणि ५ जानेवारी असा दोन दिवस होता. ५ जानेवारीला त्याने ओकादाला हरवून दोन किताब एकत्र जिंकले आणि आपल्या गटातल्या एकेकाचे नाव पुकारून शेवटी सगळ्या स्टेडियमकडून ‘लोस इंगोबेर्नाब्लेस दे हापोन’ असा गटाच्या नावाचा गजर करवून घेण्याच्या तयारीत असतानाच केंटा या मल्लाने मागून येऊन त्याला झोडपले. तो गजर राहून गेला. त्यानंतर साथ आली आणि जपानमध्ये प्रेक्षकांना ओरडण्याचीच बंदी झाली. जवळजवळ तीन वर्षे लोक फक्त टाळ्या वाजवत होते.

४ जानेवारी २०२४ रोजी नाइतोने सानादाला हरवले आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला, तेव्हा पुन्हा एक टोळी रिंगमध्ये शिरली. माझ्या शेजारी पन्नाशीच्या बाईंनी गुडघ्यावरचा टॉवेल मुठीत असा आवळला की त्याच्यावरची अक्षरे नाहीशी झाली. या वेळी मात्र नुकत्याच हरलेल्या सानादानेच त्या टोळीला हुसकावले. मग नाइतोने नावे पुकारायला सुरुवात केली आणि शेवटच्या गजराच्या वेळी त्या बाईंचा आवाज फुटलाच नाही; त्यांचे फक्त ओठ हलत होते. हा दहा वर्षांचा हिशेब मला ठाऊक नसता, तर एक दमलेला माणूस स्पॅनिशमध्ये काहीतरी ओरडतो आहे, इतकेच मला दिसले असते.

प्रत्यक्ष शो पाहताना कानांचा उपयोग करावा. जपानी प्रेक्षक सुरुवातीची पकड चालू असताना शांत असतात, आणि अमेरिकी शोची सवय असलेल्याला ती शांतता कंटाळ्याची वाटते. ती कंटाळ्याची नसते. ते बघत असतात. ठरावीक मिनिटांनी निवेदक किती वेळ झाला हे पुकारतो. ‘जुप्पुन केइका’ म्हणजे दहा मिनिटे झाली, एवढे दोन शब्द पाठ केले तरी कुस्ती कोणत्या टप्प्यावर आहे हे कळू लागते. किताबाच्या कुस्तीला सहसा ६० मिनिटांची मर्यादा असते, आणि २०१७ मध्ये ओकादा आणि केनी ओमेगा यांची कुस्ती ४६ मिनिटे ४५ सेकंद चालली होती. रिंगबाहेर पडलेल्या मल्लासाठी पंच इथे वीसपर्यंत मोजतो, दहापर्यंत नव्हे; त्यामुळे बाहेरच्या मारामारीला ऐसपैस वेळ मिळतो आणि अठरा-एकोणीसच्या आकड्याला सगळे स्टेडियम पुढे झुकते. रिंगच्या कडेला काळी चड्डी आणि काळे बूट घातलेली मुले दिसतील. ते शिकाऊ पैलवान असतात. पाणी देणे, बर्फ लावणे, पडलेल्याला आधार देणे ही कामे तेच करतात आणि यांतलाच एखादा काही वर्षांनी शेवटच्या कुस्तीत दिसतो. आपल्या तालमीत नवा पोरगा आधी माती खणतो, तसाच हा प्रकार आहे.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. डोमला जाण्यासाठी सुइदोबाशी किंवा कोराकुएन स्थानकावर उतरावे. टी-शर्ट आणि टॉवेल यांसाठी भली मोठी रांग लागते, म्हणून दुपारीच पोहोचावे आणि टी-शर्ट आपल्या नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठा घ्यावा. डोमच्या आत २०२२ पासून रोख पैसे चालत नाहीत. खिशात येनच्या नोटा घेऊन मी चहाच्या काउंटरसमोर पाच मिनिटे उभा होतो आणि कार्ड हॉटेलातल्या पेटीत होते. शाकाहारी माणसाने बाहेरच्या दुकानातून उमेबोशी हे खारवलेले आंबट फळ घातलेले भाताचे गोळे घेऊन पोट भरूनच आत शिरावे, कारण शो पाच तासांच्या आसपास चालतो आणि साध्या दिसणाऱ्या रश्शातही माशाचा अर्क असतो. छायाचित्रे आणि चित्रीकरण यांचे नियम प्रवेशद्वाराशी लावलेले असतात, ते पाळावेत. कोणी हटकले तर वाद घालू नये.

आपण भारतातून आलो हे शेजाऱ्यांना सांगायला संकोच करू नये. १९७२ साली ही कंपनी काढणाऱ्या अंतोनिओ इनोकीचा मोठा वैरी टायगर जीत सिंग हा पंजाबात जन्मलेला मल्ल होता आणि दातांत तलवार धरून तो लोकांमध्ये धावत सुटे. मागच्या रांगेतल्या एका आजोबांना मी ‘इंदो’ एवढेच म्हणालो. त्यांनी लगेच मिटलेली छत्री आडवी दातांत धरली, डोळे वटारले, आणि मग मला एक संत्रे दिले.

दुसऱ्या दिवशीचा लहान शो सोडू नये. वैराची नवी बीजे तिथे पेरली जातात. पूर्वी तो डोमला लागून असलेल्या कोराकुएन हॉलमध्ये होत असे, अलीकडे इतर ठिकाणीही होतो. जागा त्या वर्षी तपासून घ्यावी.

शेवटची कुस्ती संपल्यावर घाईने उठू नये, कारण जिंकलेला मल्ल बोलतो आणि पुढच्या वर्षाचे सूत त्यातच असते. बाहेर पडताना मात्र सावध राहावे. डोमचे पांढरे छत आतल्या हवेच्या दाबावर तरंगते आणि हा दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.३ टक्के जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे दार उघडताच पाठीमागून वारा माणसाला जानेवारीच्या थंडीत ढकलून देतो. जॅकेटची चेन आतच लावावी, टोपी हातात घ्यावी, आणि तिकिटाचा अर्धा तुकडा ठेवायचा असेल तर तो वरच्या खिशात ठेवू नये. माझा सुइदोबाशीच्या दिशेने उडून गेला.