जुनी केस आणि व्हिसाचा फॉर्म: या चुका टाळा

बडोद्यात ‘गुन्हा’ म्हटलं की लोकांना खून-दरोडे आठवतात. माझ्याकडे व्हिसाचा फॉर्म भरायला येणाऱ्यांचे गुन्हे मात्र दोनच: श्रावणातला जुगार, नाहीतर दारूबंदीची केस. आणि सगळ्यांचं एकच पालुपद, ‘ते काय, दंड भरून सुटलो की!’

सुटला नाहीत. गुन्हा कबूल करून दंड भरलात म्हणजे दोषी ठरलात, दंड दोनशे रुपये का असेना. कॅनडाच्या व्हिजिटर फॉर्मात तर नुसती अटक झाली होती का, हेही विचारतात. अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्मातही, म्हणजे डीएस-१६० मध्येही, तेच.

डांडिया बाजारातले एक काका. आठमच्या, म्हणजे जन्माष्टमीच्या, रात्री गच्चीवर पैसे लावून पत्ते, नऊ जण, वर पोलीस. सकाळी जामीन, पुढे दंड. बऱ्याच वर्षांनी लेकीकडे कॅनडाला निघाले, तेव्हा कुठल्याशा एजंटाने ‘कोण बघतंय!’ म्हणत ‘नो’वर टिक केली. व्हिसा मिळाला, जाऊन आले, पेढे वाटले. मग लेकीने आईवडिलांच्या पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज केला, पोलीस क्लिअरन्स मागितलं गेलं आणि ती रात्र बाहेर आली. काका कॅनडाहून आलेल्या पत्राची प्रिंट चार घड्या घालून माझ्याकडे घेऊन आले. जुगाराचा खुलासा मी दहा ओळींत लिहून दिला असता. खोट्याचा काय लिहिणार? पाच वर्षं बंदी. नातवाच्या बारशाला काकू एकट्याच गेल्या.

म्हणून जोडपं आलं की मी काकूंसाठी चहा सांगतो आणि काकांना झेरॉक्सच्या निमित्ताने बाहेर काढतो. बायकोसमोर दारूची केस कोण कबूल करणार? मग दिवाळीपुऱ्याच्या कोर्टातून निकालाची सर्टिफाइड कॉपी आणायला पाठवतो. निकाल गुजरातीत असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर जाणकाराकडून करून घ्या, मोबाइलवरून नको.

दारूच्या केसमध्येही फरक असतो. घरी बसून पीत होतात, तर कॅनडात तो गुन्हाच नाही, तरी अटक सांगायचीच. गाडी चालवत होतात, तर मात्र अवघड आहे: डिसेंबर २०१८ पासून तिथे तो गंभीर गुन्ह्यांत मोडतो आणि इथली केसही ते त्यांच्याच कायद्याने तोलतात. अशा वेळी तिकीट आधी काढणाऱ्यांना मी हात जोडतो.

कोर्टात केस चालू असेल तर पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी घ्या, आणि आदेशात मुदत लिहून मागा. मुदत नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. वकील हे विसरतात.

युरोपच्या ‘नव्या नियमां’ची धास्ती उगाच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेली ईईएस, म्हणजे सीमेवर येण्याजाण्याची डिजिटल नोंद, तुमची केस विचारत नाही. चेहरा टिपते आणि १८० दिवसांत राहायला मिळणारे ९० दिवस मोजते. केसचं काय ते शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक, व्हिसातच बघतात. आणि ईटियास, म्हणजे युरोपला व्हिसा न लागणाऱ्यांसाठीची ऑनलाइन पूर्वपरवानगी, भारतीय पासपोर्टला लागतच नाही, तरी परवा एक जण त्याची ‘फी’ कुठल्याशा वेबसाइटवर भरून आला. ईटियास लागेल ती त्याच्या लंडनच्या भाच्याला, ब्रिटिश पासपोर्ट आहे म्हणून.