टाकीत फसफसलेली इंग्लिश वाइन, गोव्याच्या उकाड्यात

इंग्लंडमध्ये बाकस द्राक्षाचा फुलांसारखा ताजा गंध जपायचा असेल, तर वाइनला फेस आणणारं दुसरं किण्वन (आंबवणं) बाटलीऐवजी बंद दाबटाकीत करतात. बिनफेसाच्या वाइनमध्ये लिटरमागे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घातलं की सुमारे ६ बार दाब तयार होतो. तापमान १२ ते १५ अंश ठेवावं. घाईने वाढवलं तर गंध उडून जातो. मग टाकी शून्याखाली गार करून, दाब न सोडता गाळून बाटल्या भरतात. नीट गार नसेल तर भरतानाच फेस उसळतो.

गोव्यात खरा शत्रू उष्मा. मे महिन्यात बाटली गाडीत मुळीच ठेवू नका. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून अर्धा तास बाटली बुडवा. नुसता बर्फ काचेला सगळीकडून टेकत नाही. फ्रीझरमध्ये विसरलात तर फुटेल. बुचावरच्या तारेला सहा अर्धे फेरे द्या, बूच घट्ट धरून बाटली फिरवा. अरुंद, उंच फ्लूट ग्लासमध्ये हा गंध कोंडतो, साधा वाइन ग्लास घ्या. सोबत रवा लावून तळलेली इसवणाची (सुरमईची) कापं! आंबोटीक, म्हणजे गोव्याची आंबट-तिखट आमटी, मात्र नको, त्याचं तिखट वाइनला झाकून टाकतं. बाटली वर्ष-दोन वर्षांत संपवा.