एनबीए स्ट्रीट व्हॉल्यूम 2: या चुका टाळा

ईए स्पोर्ट्स बिगचा हा तीन विरुद्ध तीन स्ट्रीट बास्केटबॉलचा, 21 पॉइंटपर्यंतचा व्हिडिओ गेम 2003 चा. जुन्या पीएस2, एक्सबॉक्स किंवा गेमक्यूब कन्सोलवर तो आजही मनापासून खेळला जातो. नवखे मात्र ठरावीक चुका करून हरतात आणि वर म्हणतात, कॉम्प्युटर चीटिंग करतो. कॉम्प्युटर काही करत नाही. तो हिशोबाने खेळतो, तुम्ही बटणं बडवता.

गेमब्रेकर साठवून ठेवणं

सगळ्यात जास्त सामने इथे जातात. ट्रिक्स करून मीटर भरलं की गेमब्रेकर, म्हणजे तुमचे पॉइंट वाढवणारा आणि समोरच्याचे कापणारा खास शॉट, हातात येतो. मग तुमच्यापुढे दोन वाटा असतात: गेमब्रेकर लगेच वापरा, किंवा तो राखून मीटर पुन्हा भरा आणि लेव्हल 2 चा मारा. लेव्हल 2 दिसायला जबरदस्त आहे, त्यामुळे प्रत्येकाला तोच हवा असतो.

मग काय होतं ते बघा. तुम्ही 19–16 ने पुढे आहात, हातात पहिला गेमब्रेकर तयार आहे. तो लगेच वापरला तर तुमचे पॉइंट वाढतात आणि समोरच्याचे कमी होतात, म्हणजे सामना जवळपास संपलाच. पण तुम्ही थांबता. मीटर पुन्हा भरण्यासाठी आर्कच्या (रिंगभोवतीच्या मोठ्या कमानीसारख्या रेषेच्या) बाहेर ट्रिकवर ट्रिक करत राहता, टर्बो (जोरात पळण्या-उडण्याची ताकद) संपतो, चेंडू हातातून जातो. समोरच्याचं मीटर एव्हाना भरत आलेलं असतं. तो दोन-चार मूव्ह करतो, गेमब्रेकर मारतो आणि तुमच्या 19 मधूनच पॉइंट कापले जातात. आता तुम्हाला 21 गाठायला पुन्हा धावाधाव, आणि राखलेला गेमब्रेकर तसाच पडून. हा शेवट इतक्या वेळा पाहिलाय की 16 च्या पुढे कुणी गेमब्रेकर राखताना दिसला की निकाल आधीच सांगता येतो.

माझा नियम साधा आहे. दोघांपैकी एकाचेही 15 पॉइंट झाले की हातात आलेला गेमब्रेकर त्याच पझेशनमध्ये, म्हणजे चेंडू आपल्याकडे असतानाच, वापरायचा. लेव्हल 2 चा नाद सामन्याच्या पहिल्या अर्ध्या भागातच करावा. मागे पडला असाल तर थांबण्याचा मोह आणखी होतो, कारण एका फटक्यात भरपाई होईल असं वाटतं. तेव्हा तर अजिबात थांबू नका.

डंकच्या मागे धावणं

इथे आतली बास्केट 1 पॉइंटची, आर्कच्या बाहेरची 2 ची. नेहमीच्या बास्केटबॉलमध्ये बाहेरचा शॉट दीडपट, इथे दुप्पट. आतून दहापैकी सहा डंक (उडी मारून रिंगमध्ये चेंडू कोंबणं) गेले तर 6 पॉइंट. बाहेरून दहापैकी चारच गेले तरी 8. तरीही लोक चांगला शूटर टीममध्ये घेतात आणि त्यालाही रिंगकडेच पळवतात. शूटर मोकळा सापडला की तिथूनच मारा. डंक मीटरसाठी आणि डिफेन्सला आत ओढण्यासाठी ठेवा.

ब्लॉक आणि स्टीलचं बटण बडवणं

स्टीलसाठी, म्हणजे चेंडू हिसकावायला, हात घातला आणि समोरच्याने त्याच क्षणी ट्रिक केली की तुमचा डिफेंडर तोल जाऊन पडतो आणि रिंगपर्यंतचा रस्ता मोकळा होतो. आधी फक्त त्याच्या आणि रिंगच्या मध्ये उभं राहायला शिका. स्टील करायचंच तर समोरच्याची ट्रिक संपून चेंडू पुन्हा नीट हातात येतो, तेवढ्या फटीत, एकदाच.

ब्लॉकचंही, म्हणजे शॉट हवेत अडवण्याचंही, तसंच. समोरचा नुसता शॉटचा आव आणतो आणि तुम्ही हवेत. त्याचे पाय जमिनीवरून सुटल्याशिवाय उडी नाही, एवढी एक सवय लावून घेतली तरी बराच फरक दिसतो. टर्बो रिकामा असताना उडी तोकडी पडते, म्हणून डिफेन्सला येताना थोडा टर्बो शिल्लक हवाच. सगळा टर्बो पळण्यात उडवणारे इथेच मार खातात.

एकच ट्रिक पुन्हा पुन्हा

एक मूव्ह जमली की तीच. टर्बोची बटणं बदलून मूव्ह बदलते. तीन-चार वेगवेगळ्या पाठ करा, मध्ये पास द्या आणि शॉटने शेवट करा. गेमक्यूबच्या पॅडला वरची बटणं तीनच, पीएस2 ला चार, त्यामुळे एकाची सवय दुसऱ्यावर जशीच्या तशी चालत नाही.

तीनही खेळाडू एकाच साच्याचे

तीन आयव्हरसन (बुटका, चपळ खेळाडू) घेऊन धिप्पाड शॅकसमोर उभं राहू नका. एक उंच ब्लॉकर, एक शूटर, एक चेंडू सांभाळणारा. 'बी अ लेजंड' या मोडमध्ये स्वतःचा खेळाडू बनवतानाही पॉइंट सगळीकडे सारखे वाटू नयेत. आधी दोन गुण भक्कम करा.

स्ट्रीट स्कूल टाळणं, चीट कोड आधी टाकणं

इंटरनेटवरून कोड शोधायचे, पहिल्याच दिवशी जॉर्डन घ्यायचा आणि आठवड्यात कंटाळायचं. जॉर्डनच्या उडीमुळे तुमचं चुकीचं टायमिंग झाकलं जातं. रकर पार्कवर (गेममधलं न्यूयॉर्कचं मैदान) तगड्या टीमशी गाठ पडली की ते उघडं पडतं. स्ट्रीट स्कूल, म्हणजे गेममधली शिकवणी, पूर्ण करा. अर्ध्या तासाची घाई पुढे फार महाग पडते.

टायमिंग बरोबर असूनही उडी उशिरा पडते

इथे दोष बहुतेक वेळा टीव्हीचा. पीएस2 चं इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी येणारं) चित्र नव्या एलसीडी टीव्हीवर दाखवायच्या आधी टीव्ही त्यावर प्रक्रिया करतो आणि बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत वेळ जातो. क्रम असा ठेवा: टीव्हीचा गेम मोड सुरू करा, मोशन स्मूदिंग बंद करा, पिवळ्या पिनच्या केबलऐवजी कॉम्पोनंट केबल लावा, वायरलेस पॅड काढून वायरचा लावा. एकेक बदल करून तपासा, म्हणजे अडचण कुठे होती ते कळतं. जुना ट्यूबचा टीव्ही घरात असेल तर यातलं काहीच करायला नको.

प्रगती सेव्ह न होणं

गेमक्यूबची डिस्क निन्टेंडोच्याच वी (Wii) कन्सोलच्या सुरुवातीच्या मॉडेलवर चालते, पण त्यासाठी गेमक्यूबचाच पॅड लागतो आणि सेव्ह गेमक्यूबच्या मेमरी कार्डवरच होतं. वीच्या आतल्या मेमरीत ते जात नाही. कार्ड न लावता 'बी अ लेजंड' सुरू करू नका. कन्सोल बंद केलं की खेळाडूसकट सगळं जातं.