बाळाची कॉट घेण्याआधी आपला पलंग मोजा

लेकीला बाळासह घरी आणलं, त्यानंतरची तिसरी रात्र. दोनच्या सुमाराला बाळ कुरकुरलं. लेकीनं त्याला पाजायला घेतलं आणि मी रिकाम्या बेडसाइड कॉटच्या, म्हणजे पलंगाकडची बाजू खाली करून पट्ट्यानं पलंगाला बांधायच्या कॉटच्या, कडेनं हात फिरवला. पलंगाची गादी आणि कॉट यांच्या मधून माझी चार बोटं मुळापर्यंत खाली गेली. संध्याकाळी हीच जागा मी स्वतः तपासली होती, तेव्हा एक बोटही शिरत नव्हतं. जावयांना हाक मारली. त्यांनी पट्टा ओढून पाहिला. "आई, पट्टा तर घट्ट आहे." खरंच घट्ट होता. कॉट पलंगाच्या लाकडी चौकटीला पक्की बांधलेली होती. सरकली होती ती मोठ्यांची गादी. पाजायला म्हणून लेक दर वेळी कडेवर हात टेकून उठत होती, दर वेळी गादी थोडी थोडी पलीकडे जात होती, आणि फट मात्र बाळाच्या बाजूला पडत होती.

त्या रात्री आम्ही कॉटचा चौथा कठडा वर करून लॉक केला, कॉट पलंगापासून हातभर दूर घेतली आणि बाळाला तसंच झोपवलं. दुसऱ्या दिवशी गादीखाली न घसरणारी रबरी जाळी अंथरली, गादी हलत नाही याची खात्री केली आणि मगच कॉट पुन्हा जोडली.

मी १९ वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. घरी सोडायच्या दिवशी हमखास कोणीतरी विचारतं, "सिस्टर, कॉट कुठली घेऊ?" मी उलट विचारते, "तुमचा पलंग कसा आहे?" बेडसाइड कॉट ही एकटी वस्तू नाहीच. तिची चौथी बाजू म्हणजे तुमचा पलंग. दुकानात कितीही सुरेख दिसली तरी तुमच्या पलंगाशी ती जुळली नाही, तर सगळा धोका त्या जोडावरच येऊन बसतो.

आधी ती हवी कशाला, तेही सांगते. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे बाळानं निदान पहिले ६ महिने आईवडिलांच्या खोलीत झोपावं, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर. बेडसाइड कॉटमुळे हे दोन्ही साधतं. सिझेरियनचे टाके ओले असताना वाकून बाळ उचलणं किती अवघड जातं, ते मी रोज बघते. आणखी एक कारण आहे. पाजता पाजता आईचा डोळा लागतो. लागणारच, शरीर थकलेलं असतं. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत असा डोळा लागणं बाळाला पलंगापेक्षाही जास्त धोक्याचं असतं. कॉट हाताशी असली की आई पलंगावरच पाजते आणि जाग आल्याबरोबर बाळाला त्याच्या जागी ठेवते.

आता मोजमाप. टेप घ्या आणि जमिनीपासून पलंगाच्या गादीच्या वरच्या पातळीपर्यंत उंची मोजा. एकदा रिकाम्या गादीची, आणि एकदा आई रोज झोपते त्या जागी, कडेजवळ, तिला झोपवून. दुसरं माप लोक घेत नाहीत आणि नेमकं तेच कामाचं असतं. मऊ फोमची गादी माणसाच्या वजनानं चांगलीच दबते. शिवाय कड बाहेरच्या बाजूला कलंडते, आणि रिकाम्या गादीला चिकटलेली कॉट आई आडवी झाली की वरच्या बाजूनं फाकते. गादीच्या कडा गोलाकार असतील तर खाली दोन्ही टेकलेलं असूनही वर खाच राहते. त्या खाचेत हात घालून बघा.

मग पलंगाची चौकट बघा. चौकटीचं लाकूड गादीच्या बाहेर आलेलं असेल, तर कॉट लाकडाला टेकून थांबते आणि गादीपर्यंत पोचतच नाही. अशा पलंगाला जोडायची कॉट घेऊच नका. खाली ड्रॉवर किंवा बंद खोका असलेल्या पलंगांची अडचण वेगळी. बऱ्याच कॉटचे पाय पलंगाखाली सरकवायचे असतात, त्यांना तिथे जागाच मिळत नाही. काही कॉटचे पाय दुमडता येतात, त्या चालतात. पट्टा कुठून न्यायचा आणि कशाला अडकवायचा, हेही पलंग डोळ्यांसमोर ठेवून ठरवा. पट्टा न लावता नुसती चाकं लॉक करून कॉट पलंगाला लावणं मला अजिबात मान्य नाही.

फटीला मी एवढी का घाबरते? नवजात बाळाचं डोकं हा त्याच्या शरीराचा सगळ्यात मोठा भाग. अंग जिथून निसटतं तिथून डोकं जात नाही. बाळ पायांकडून घसरलं तर मानेवर लटकतं. नाहीतर तोंड गादीच्या कडेला दाबलं जातं आणि मान वळवून नाक मोकळं करायची ताकद त्याच्यात नसते. या कशाचाही आवाज होत नाही. रडण्यासाठी श्वास लागतो. म्हणून फट दिसली की तिच्यात टॉवेल, चादरीची घडी, उशी असलं काही कोंबू नका. ते रात्रीत वर येतं, नाहीतर खाली दबून पुन्हा खड्डा पडतो. फट बुजवायची नसते, ती पडूच द्यायची नसते. नाही जमलं, तर कठडा वर करून कॉट बाजूला घ्या. हातभर लांबची कॉटही बाळासाठी उत्तमच आहे.

कॉट निवडताना पहिली नजर खाली होणाऱ्या कठड्यावर जाऊ द्या. काही कॉटची ती बाजू पूर्ण निघते आणि बाळाची गादी मोठ्यांच्या गादीला सपाट मिळते. मला पसंत आहेत त्या कॉट, ज्यांची बाजू खाली केल्यावरही थोडी आड उरते. युरोपमधल्या ईएन ११३० या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत ही उरलेली आड बाळाच्या गादीपासून किमान १२० मिलिमीटर, म्हणजे १२ सेंटिमीटर उंच असावी असं आहे. त्या आडेची वरची कड मोठ्यांच्या गादीच्या पातळीला आली की जुळणी बरोबर. मोठ्यांची गादी तिच्याहून उंच असेल तर पांघरूण, उशी, कधी आईचा हातसुद्धा उतारावरून बाळाकडे घसरतो. एवढ्यासाठीच कॉटची उंची किती टप्प्यांत बदलता येते ते दुकानात विचारा आणि तुमचं दबलेल्या गादीचं माप त्यात बसतं का बघा. बाजू चेननं उघडणारी असेल तर चेन पूर्ण लागते का, ओढल्याशिवाय उघडत नाही ना, हे दहा वेळा लावून-काढून तपासा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

बाजूंना जाळी असेल तर उत्तम, हवा खेळती राहते आणि पलंगावरून बाळ दिसतं. जाळीची भोकं बारीक हवीत, बाळाचं बोट किंवा झबल्याचं बटण अडकणार नाही इतकी. लाकडी गज असतील तर दोन गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. टेप नसेल तर शीतपेयाचा साधा कॅन आडवा धरून गजांमधून घालून बघा. तो आरपार गेला तर अंतर जास्त आहे.

गादीबद्दल घरोघरी तोच वाद. मोठ्यांना वाटतं, इतकी कडक गादी, बाळाला टोचेल. नाही टोचत. तळहातानं जोरात दाबा आणि सोडा. हाताचा ठसा लगेच नाहीसा झाला पाहिजे. ठसा राहत असेल तर बाळ पालथं झाल्यावर त्याचं नाकही तसंच रुतेल. कॉटबरोबर येते तीच गादी वापरा. वर दुसरी मऊ गादी घालू नका. तिच्यामुळे कठडा तेवढा बुटका होतो, आणि कापडी बाजू बाहेर दबून गादीच्या कडेला खिसा तयार होतो. कॉटची भिंत आणि गादी यांच्यात दोन बोटं मावत असतील तर ती गादी लहान आहे. चादर चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली, ताणून बसणारी हवी.

एक सोय विक्रेते फार कौतुकानं दाखवतात. दोन्ही पाय वेगवेगळ्या उंचीला लावून कॉट डोक्याकडून उचलायची, म्हणजे बाळ दूध काढत नाही. ही सोय वापरू नका. उतारावर बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि त्याची मऊ श्वासनळी वाकून अरुंद होते. शिवाय बाळ घसरत पायथ्याशी जातं. १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेली, तान्ह्या बाळांना झोपवण्यासाठी म्हणून विकली जाणारी साधनं अमेरिकेनं २०२२ मध्ये कायद्यानं बंद केली. कॉटच्या आतून बांधायच्या मऊ, भरलेल्या पट्ट्याही त्याच कायद्यानं बंद झाल्या. दूध काढणारं बाळही सपाट आणि पाठीवरच झोपवायचं. ठसका लागेल ही भीती आई-आज्यांना असते, मला ती कळते. पण पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनळी अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनळीत जाण्यापेक्षा गिळलं जाणं सोपं असतं. पालथ्या बाळात हे उलटं होतं. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम चालली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आले. कुणी काहीही सांगो, यात मी तडजोड करत नाही.

घरी कॉट आली की माहितीपुस्तिका समोर ठेवून जोडा. स्क्रू उरला तर "असेल जास्तीचा" म्हणू नका. पट्टा लावून झाल्यावर कॉट दोन्ही हातांनी पलंगापासून जोरात बाहेर ओढा, मग वर उचलून बघा, मग आईला पलंगावर झोपवून, कुशीवर वळवून, उठवून पुन्हा बघा. दर वेळी जोडावरून उघडा हात फिरवा. डोळ्यांवर विसंबू नका, चादरीखालची फट दिसत नाही, ती हाताला लागते. रोज झोपण्यापूर्वी हे करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माझ्या लेकीकडे हे काम जावयांनी घेतलं आहे. पट्टा सुटला असेल किंवा चादर बदलायला कॉट हलवली असेल, तर खाली केलेली बाजू वर करूनच ठेवायची, बाळ आत असो वा नसो. उघड्या बाजूची, न बांधलेली कॉट धक्क्यानं कलंडू शकते.

आत बाळ आणि ताणलेली चादर, बास. उशी नाही, लोड नाही, खेळणी नाहीत, सुटं पांघरूण नाही. खाली केलेल्या बाजूवरून मोठ्यांच्या गोष्टी आत येतात याकडे लक्ष ठेवा. आईची उशी बाळाच्या बाजूनं काढून दुसरीकडे घ्या, आणि पांघरूण कमरेच्या वर ओढू नका. मोबाइलच्या चार्जरची वायर हल्ली उशाशीच असते. ती, पडद्याची दोरी आणि बाळावर लक्ष ठेवायच्या मॉनिटरची वायर बाळापासून निदान १ मीटर दूर हवी.

वापरलेली कॉट कुणी प्रेमानं दिली तर घ्यायला हरकत नाही, पण अटी घालून. मूळ पट्टा, मूळ गादी आणि सगळे स्क्रू हवेत, आणि त्या मॉडेलमध्ये दोष निघून ते कंपनीनं परत मागवलेलं नाही ना, हे मॉडेलचा नंबर टाकून तपासायचं. पट्टा हरवला म्हणून सुतळीनं किंवा ओढणीनं बांधायचं नाही. खाली सरकणाऱ्या बाजूचे जुने मोठे लाकडी पाळणे तर नकोच. ती बाजू निखळून अपघात झाले, म्हणून अमेरिकेनं २०११ पासून अशा पाळण्यांची विक्री थांबवली.

आणि कधी थांबायचं? पुस्तिकेत वजन लिहिलेलं असतं, बऱ्याच कॉटना साधारण ९ किलो. पण वजनाची वाट बघू नका. बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलून गुडघ्यांवर यायला लागलं, किंवा स्वतःचं स्वतः बसायला लागलं, की ही कॉट संपली. साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात हे होतं, कधी त्याआधीही. काही पुस्तिका कूस बदलायला लागल्यापासूनच थांबायला सांगतात. तुमच्या पुस्तिकेत जी मर्यादा आधी गाठली जाईल ती पाळा. आमच्या नातवानं परवा दुपारी सतरंजीवर पहिल्यांदा गुडघे पोटाखाली ओढले. त्याच संध्याकाळी जावयांनी पट्टा सोडला आणि उंच कठड्यांची मोठी कॉट त्याच खोलीत, लेकीच्या बाजूला मांडली.