उदासिनीकरणाची समीकरणं सोडवायला बसण्याआधी

उदासिनीकरण म्हणजे आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि सहसा पाणी होणं. आधी संयुजा, म्हणजे कोण किती बंध जोडू शकतो ते आकडे, तोंडपाठ आहेत का ते बघा. सोडियम, पोटॅशिअम, अमोनियम १, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम २, अ‍ॅल्युमिनिअम ३. तिकडे क्लोराइड, नायट्रेट १, सल्फेट २, फॉस्फेट ३. दहावीपुरतं एवढं पुष्कळ झालं. मुलं म्हणतात, ‘संतुलनच जमत नाही’. वही बघितली की कळतं, चूक आधीच क्षाराच्या रेणुसूत्रात झालेली असते. सूत्रच चुकलं तर सहगुणक (सूत्राच्या पुढे लिहायचा रेणूंचा आकडा) कितीही बदला, बाजू जुळत नाहीत.

म्हणून पहिलं काम क्षाराचं. चुन्याची निवळी (यातली आम्लारी कॅल्शिअम हायड्रॉक्साइड) आणि फॉस्फॉरिक आम्ल घ्या. कॅल्शिअमची संयुजा २, फॉस्फेटची ३. तिरकस अदलाबदल केली, म्हणजे एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली लिहिली, की क्षारात कॅल्शिअम ३, फॉस्फेट २. त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. आता या सूत्रातल्या खालच्या आकड्यांना हात लावायचा नाही, बदलायचे ते फक्त पुढचे सहगुणक. मग क्षाराकडून मागे या. कॅल्शिअम ३ हवेत, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचे ३ रेणू. फॉस्फेट २ हवेत, म्हणजे आम्लाचे २. आम्लाच्या प्रत्येक रेणूत ३ हायड्रोजन, एकूण ६. आम्लारीच्या प्रत्येक रेणूत २ हायड्रॉक्साइड, तेही ६. सहांना सहा मिळाले, पाण्याचे ६ रेणू तयार. उदासिनीकरण म्हणतात ते हेच, त्यामुळे पाण्याचा सहगुणक अंदाजाने कधीच टाकू नका. ऑक्सिजन सगळ्यात शेवटी, पडताळ्यासाठी मोजा: इथे दोन्हीकडे १४.

फसवी उदाहरणं वेगळ्या पानावर लिहून ठेवा. अ‍ॅसेटिक आम्लात हायड्रोजन ४ दिसतात, पण आम्ल म्हणून सुटतो तो एकच. सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर पाण्याचा एकच रेणू मिळतो. अमोनिया वायू आणि हायड्रोजन क्लोराइड वायू एकत्र आले की नुसता अमोनियम क्लोराइड, पाणी नाहीच. कार्बोनेट असेल तर पाण्यासोबत कार्बन डायऑक्साइड लिहायला विसरू नका.

झोपण्याआधी एक समीकरण उत्तर न बघता सोडवा: अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल. सहगुणक ओळीने २, ३, १, ६ यायला हवेत आणि ऑक्सिजन दोन्हीकडे १८ भरायला हवा.