टेकडीवरील पायवाटेसाठी लोकांचा पाठिंबा आणि निधी कसा उभारावा

पुण्यात वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर किंवा बाणेर-पाषाणच्या टेकड्यांवर पहाटे चालणाऱ्या माणसाच्या मनात क्वचितच असा प्रश्न येतो की, आपण ज्या वाटेने चाललो आहोत ती कोणाच्या नावावर आहे आणि तिची कागदोपत्री कुठे नोंद तरी आहे का. वाट आहे म्हणून आपण चालतो. ती पावसात वाहून जाईपर्यंत, तिच्या तोंडाशी कुंपण उभे राहीपर्यंत किंवा तिच्यावरून जाणाऱ्या रस्त्याची आखणी नकाशात दिसेपर्यंत तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

अशी एखादी वाट, मग ती टेकडीवरची असो, ओढ्याकाठची असो किंवा कालव्यालगतची, टिकवायची आणि सुधारायची असेल तर काय करावे, हे येथे क्रमाने मांडले आहे. उदाहरणे पुण्याची आहेत, कारण टेकड्यांसाठी नागरिकांनी दीर्घकाळ केलेले काम तेथे जवळून पाहता येते. परंतु महाराष्ट्रातील इतर शहरांतही कार्यालये आणि कागद बहुतांशी तेच असतात. क्रम मात्र महत्त्वाचा आहे. चालणारी माणसे आधी एकत्र यावीत आणि पैसा नंतर यावा. पैसा आधी आला की तो खर्च करण्याची घाई होते, आणि घाईचा खर्च बहुतेक वेळा सिमेंटवर होतो.

जागा कोणाची, हे आधी शोधा

एकच टेकडी अनेक मालकांत वाटलेली असते. काही भाग वन विभागाचा, काही महापालिकेचा, काही एखाद्या संस्थेचा आणि काही खासगी मालकांचा असतो. शहरातून वाहणाऱ्या मुठा उजव्या कालव्याच्या काठची जागा जलसंपदा विभागाकडे आहे. म्हणून सर्वप्रथम गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक शोधून सातबारा उतारा अथवा मालमत्ता पत्रक काढावे आणि विकास आराखड्याच्या नकाशात त्या जागेवर कोणते आरक्षण आहे ते पाहावे. नकाशा मिळत नसेल किंवा मालकीविषयी तोंडी उत्तरे वेगवेगळी येत असतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपयांचे शुल्क, एकच विषय, दीडशे शब्दांची मर्यादा आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

पुण्यात या शोधाला वेगळे महत्त्व आहे. १९९७ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बोलीभाषेतील ‘बीडीपी’चे, आरक्षण आहे. या आरक्षणाखालील बरीच जमीन खासगी मालकीची आहे आणि तिच्या मोबदल्याचा प्रश्न वर्षानुवर्षे चालत आला आहे. आपली पायवाट अशा जमिनीवरून जात असेल तर मालकाला शत्रू समजून कामाला लागू नये. त्याला भेटावे, आपण बांधकाम करणार नाही हे सांगावे आणि तात्पुरत्या दुरुस्तीसाठी त्याची लेखी संमती मागावी. संमती मिळाली नाही, तर त्या तुकड्याला हात न लावता उरलेल्या वाटेवर काम सुरू करावे.

हेतू चांगला असला म्हणजे वाट कायदेशीर ठरते असे नाही. मुंबईत पवई तलावाच्या काठाने सायकल आणि जॉगिंगसाठी मार्ग बांधण्यास सुरुवात झाली होती. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवले आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. सायकल आणि चालणे यांच्या नावाने होणारे कामही पाणथळ जागेवर भराव टाकू शकते, हे या प्रकरणातून ध्यानात घ्यावे. ओढ्याकाठी वाट मागताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर पुणेकर विसरलेले नाहीत. ओढ्याचे पात्र अरुंद करणारी भिंत किंवा भराव आपल्या मागणीत कुठेही असू नये. उलट पात्र मोकळे ठेवणारी, पुरात बुडाली तरी न बिघडणारी कच्ची वाट मागावी.

वाट मोजा आणि चालणारे मोजा

कार्यालयात ‘खूप लोक येतात’ हे वाक्य कोणाच्याही उपयोगाचे नसते. वाटेच्या दोन्ही टोकांना दोन-दोन जणांनी वही घेऊन बसावे आणि एक कामाचा दिवस व एक रविवार, सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते सात, प्रत्येक येणाऱ्याची नोंद करावी. नाव विचारू नये. स्त्री की पुरुष, मूल की वृद्ध, फिरायला आलेले की कामावर निघालेले, एवढे पुरते. हीच मोजणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

कामावर निघालेल्यांची नोंद मी मुद्दाम सांगतो आहे. टेकडीच्या एका बाजूच्या वस्तीतून दुसऱ्या बाजूच्या सोसायट्यांत धुण्याभांड्याच्या कामाला जाणाऱ्या बायका ही वाट रोज दोनदा तुडवतात, कारण रिक्षाचे पैसे परवडत नाहीत आणि बसला वळसा पडतो. फिरायला येणाऱ्यांच्या सभांमध्ये मात्र त्या कधीच नसतात. वाटेवर त्यांचा हक्क सर्वांत जुना आहे. शिवाय ‘ही वाट रोजच्या येण्याजाण्याची आहे’ असे आकड्यांनी दाखवता आले, तर ती हौशी मंडळींची मागणी राहत नाही.

त्यानंतर वाटेची दुरवस्था मोजावी. पावसाळ्यात पाणी कुठून वाटेवर उतरते, कुठे घळ पडली आहे आणि कुठे पाय घसरतो, हे मीटरपट्टीने मोजून व छायाचित्रे काढून लिहावे. एक किलोमीटर लांबीची, दीड मीटर रुंदीची वाट १० सेंटिमीटर जाडीच्या मुरमाने भरायची तर १५० घनमीटर, म्हणजे सुमारे ५३ ब्रास मुरूम लागेल (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). प्रत्यक्ष पाहणीत मात्र असे आढळते की बहुतेक वाट आहे तशीच उत्तम आहे आणि खराब भाग दोनशे मीटरपेक्षा जास्त नाही. त्यासाठी साडेदहा ब्रास, आणि धुम्मस करताना, म्हणजे मुरूम ठोकून बसवताना, होणारी घट धरून तेरा ब्रास पुरतात. एवढ्याशा आकडेमोडीने लाखोंची वाटणारी मागणी आवाक्यात येते, आणि टेकडीवर डंपर चढवण्याचे कारणही उरत नाही.

माणसे जोडणे

येथे घाई करून चालत नाही. टेकडी वाचवण्यासाठी ‘नको’ म्हणणारे हजारो लोक एका दिवसात जमू शकतात; २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरील प्रस्तावित रस्त्यांविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, ते सर्वांनी पाहिले. ‘हवे’ म्हणून दर आठवड्याला येणारी वीस माणसे मिळायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्यासाठी ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि हातात धरता येईल असे काम लागते. रविवारी सकाळी सात ते आठ हा तास निश्चित करावा आणि पाच माणसे आली तरी तो चुकवू नये. प्लास्टिक वेचणे, पाण्याला वाट करून देणारा चर उकरणे, सुटलेले दगड बसवणे, अशी कामे त्या तासात होतात.

निमंत्रण कोणाला द्यावे याचा विचार परिसर पाहून करावा. टेकडीवरील मंदिराचे विश्वस्त, जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ, शाळेतील पर्यावरणाची आवड असलेले शिक्षक आणि वस्तीतील महिला बचत गट यांना प्रत्यक्ष जाऊन भेटावे. केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवून ही माणसे येत नाहीत. गणेश मंडळांना तर आवर्जून विचारावे. त्यांच्याकडे तरुण कार्यकर्ते असतात, मांडवाचे काम करणारे हात असतात आणि वर्गणी गोळा करून तिचा हिशेब देण्याची सवय असते.

लोक जमले की मतभेदही येतात, आणि ते कामाच्या सुरुवातीलाच मिटवलेले बरे. सायकलस्वार वेगात येतात म्हणून वृद्ध घाबरतात, कुत्र्यांना मोकळे सोडल्याने मोर आणि ससे पळतात, कोणाला दिवे हवे असतात, कोणाला बाके. माझे स्पष्ट मत आहे की टेकडीच्या माथ्यावर दिवे लावू नयेत. रात्र तेथील प्राण्यांची आहे. वस्तीकडून येणाऱ्या चढाच्या तोंडाशी, जेथे बायका अंधार पडताना उतरतात, तेथे मात्र दिवा असलाच पाहिजे. सरसकट झाडे लावण्याचा आग्रहही थांबवावा लागतो. पुण्याच्या टेकड्यांचा मोठा भाग मुळात गवताळ आणि खुरट्या झुडपांचा आहे, तेथे पूर्वी लावलेल्या गिरिपुष्प या परदेशी झाडाने जागा व्यापली आहे, आणि आणखी खड्डे खणण्यापेक्षा उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेली मोकळी पट्टी, काढून वणवा रोखणे अधिक उपयोगी ठरते. अर्थात वन विभागाच्या हद्दीत यातील कोणतेही काम त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्या वनरक्षकाला सोबत घेऊनच करावे.

कार्यालयात काय मागावे

पहिली मागणी लहान असावी. एका पानाच्या पत्रात वाटेचा नकाशा, मोजणीचे आकडे, तीन छायाचित्रे आणि जास्तीत जास्त दोन कामे लिहून ते क्षेत्रीय कार्यालयात आणि उद्यान विभागात द्यावे व पोच घ्यावी. पत्रात ‘काय करू नये’ हेही लिहावे: काँक्रीट नको, पेव्हर ब्लॉक नकोत, जेसीबी नको. ही ओळ नसेल तर काम मंजूर होऊनही पस्तावण्याची वेळ येते, कारण निविदेतील ठेकेदाराला मुरूम पसरण्यापेक्षा ब्लॉक बसवणे सोपे वाटते.

पुणे महापालिकेत २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग घेतला जातो. आपल्या प्रभागातील लहान कामे सुचवण्याचा अर्ज नागरिकांना भरता येतो. हा अर्ज ठरावीक मुदतीतच स्वीकारला जातो, म्हणून पावसाळ्यापासूनच क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करत राहावी. एकाच कामाची सूचना अनेक घरांतून आली तर तिचे वजन वाढते. अंदाजपत्रकात तरतूद झाली म्हणजे काम झाले असेही नाही. निविदा केव्हा निघणार, कार्यादेश कोणाला मिळाला आणि ३१ मार्चपूर्वी काम सुरू होईल का, हे विचारण्यासाठी गटातील एका चिकाटीच्या माणसाकडे ही जबाबदारी कायमची सोपवावी.

पैसा कोठून आणि कोणत्या अटींवर

पहिल्या वर्षी गटाची नोंदणी करण्याची घाई नको. परंतु लोकांकडून वर्गणी घ्यायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची चौकट पाळावी लागते. गणेश मंडळे दरवर्षी कलम ४१क खाली परवानगी घेतात, ती याच कायद्याने. सोपा मार्ग म्हणजे परिसरातील एखाद्या नोंदणीकृत, स्वच्छ हिशेबाच्या संस्थेला सोबत घेणे. काम टिकले की किमान सात सदस्य घेऊन स्वतःची संस्था नोंदवावी, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे आणि विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल द्यावा.

सर्वांत मोलाचा पैसा हा लहान आणि नियमित असतो. शंभर कुटुंबांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाला १ लाख २० हजार रुपये होतात, आणि ते कशावर खर्चायचे हे ती कुटुंबेच ठरवतात. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांच्याकडून वस्तू आणि श्रम सन्मानाने घ्यावेत. आषाढी वारीच्या वाटेवरील गावांत कोणी भाकरी देतो, कोणी पाणी, तर कोणी रात्रीपुरती ओसरी, आणि त्यात लहानमोठे कोणी मानत नाही. वाटेच्या कामातही फावडी देणारा हार्डवेअरवाला आणि चहा देणारा टपरीवाला यांची नावे देणगीदारांच्या यादीतच लिहावीत.

देणगीदारांना देणगीवरील ‘८०जी’ची प्राप्तिकर सवलत सांगताना संपूर्ण माहिती द्यावी: संस्थेकडे ती मान्यता असली पाहिजे, दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस ती लागू होत नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना तिचा लाभ मिळत नाही. परदेशी राहणारी मुले-मुली आपल्या आईवडिलांच्या टेकडीसाठी आपुलकीने पैसे पाठवू इच्छितात. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. परंतु ज्यांनी तेथील नागरिकत्व घेतले आहे, त्यांचे पैसे ‘एफसीआरए’ (विदेशी अंशदान कायदा) नोंदणीशिवाय स्वीकारता येत नाहीत, मग त्यांच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) मोठा असतो आणि पर्यावरण रक्षण हा विषय कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे या निधीतून करता येणाऱ्या कामांच्या यादीत, आहे. तो घेण्यासाठी संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी करावी लागते आणि तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणूनच रविवारच्या तासाची नोंदवही, छायाचित्रे आणि खर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपाव्यात. कंपनीशी बोलताना तिच्या नावाच्या पाटीचा आकार, तिची जागा आणि संख्या करारात लिहावी. एका वाटेवर एकच पाटी, तीही पायथ्याशी, हा नियम आम्हाला योग्य वाटतो. वर्षअखेरीस निधी संपवण्यासाठी येणाऱ्या प्रस्तावांना, विशेषतः एका दिवसात हजार झाडे लावू पाहणाऱ्यांना, नम्रपणे नकार द्यावा.

आमदार आणि खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून कायमस्वरूपी मालमत्ता उभारली जाते. त्यामुळे पायथ्याचे स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याची सोय किंवा ओढ्यावरील लहान साकव यांसाठी तो मागावा, वाटेसाठी मागू नये.

देखभालीची वही

मिळालेल्या प्रत्येक रकमेतील काही भाग देखभालीसाठी वेगळा ठेवावा आणि वाटेचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे करून प्रत्येक तुकडा दोन कुटुंबांना वाटून द्यावा. वर्षभराचे काम ऋतूंनुसार वहीत लिहावे: माघात जाळरेषा, चैत्रात पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी, वैशाखात चरांतील गाळ काढणे. जूनमधील पहिला मोठा पाऊस सुरू असतानाच, छत्री आणि फावडे घेऊन, सर्वांनी आपापल्या तुकड्यावर जावे. पाणी कोठून उतरते आणि कोणता चर तुंबतो, हे त्या एका तासात जेवढे स्पष्ट दिसते तेवढे वर्षभरात पुन्हा दिसत नाही.